जावई जेवले नाहीत

नानांनी हर्षदचा उजवा पाय परातीत घेतला तेव्हा त्यांचा गुडघा कटकन वाजला. तो आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला. हर्षद लगेच वाकून म्हणाला, "अहो नाना, राहू द्या, कशाला त्रास करून घेता," आणि पाय मात्र परातीतच ठेवला. आईचे डोळे तेवढ्यावर भरून आले. किती साधा माणूस आहे गं, असं ती मला स्वयंपाकघरात येऊन म्हणालीसुद्धा.

माझ्या लग्नानंतरचा तो पहिला धोंड्याचा महिना होता. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला लेकीसकट बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे जेवायला घालायचे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडून वर दिवा ठेवून वाण द्यायचं. करमाळ्यात माझ्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. जन्मभर गिऱ्हाइकाशी मूठभर खिळ्यांवरून हुज्जत घालणारे नाना त्या दिवशी जावयाचे पाय नव्या टॉवेलने पुसत होते. एरवी मला हसू आवरलं नसतं. त्या दिवशी माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. मला आठ दिवस माहेरी राहायचं होतं, आणि ते अजून त्याला कुणी विचारलं नव्हतं.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि एवढ्या काळात मी एकदाही माहेरी मुक्काम केला नव्हता. आम्ही सकाळी पुण्याहून यायचो, जेवायचो आणि संध्याकाळी निघायचो. हर्षद बँकेत अधिकारी होता. मृदू बोलणं, इस्त्रीचे कपडे, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. नात्यातल्या बायका आपल्या लेकींसाठी स्थळ बघताना त्याचं उदाहरण द्यायच्या.

सकाळी स्वयंपाकघरात मी आईला म्हटलं होतं की मला थोडे दिवस राहायचंय. ती पुरण वाटत होती. वाटता वाटता तिने माझी चौकशी केली. मारतो का? नाही. पितो का? नाही. बाहेर कुठे काही? तसलं काही नाही. सासूचा त्रास म्हणावा तर ती बिचारी गावाकडे. आईने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण इथे बुक्कीच नव्हती, तर दाखवू काय?

"राहावंसं वाटतं, एवढंच," मी म्हटलं.

"मग राहा की. नाना विचारतील त्यांना जेवताना," आई म्हणाली आणि परत पुरणाकडे वळली.

कढईपाशी हौसाआत्या बसली होती. ती नानांची थोरली बहीण. तिच्या नवऱ्याने तिचा हात मोडला होता, आणि तो नीट जुळलाच नाही, कोपरापाशी वाकडा राहिला. मी जन्मायच्या आधीच ती आमच्याकडे कायमची आली. आमच्या घरात बाईच्या छळाचं माप म्हणजे आत्याचा हात. गल्लीतली कुणाची लेक कुरकुर करत आली की आई म्हणायची, "हौसावन्संसारखं काही नाही ना? मग होईल सगळं नीट." आत्या हे ऐकत असायची. सणावाराला पूजेत ती पुढे यायची नाही, पण पहाटेपासून चुलीशी तीच असायची. अख्ख्या करमाळ्यात तिच्यासारखे अनारसे कुणाला जमत नाहीत, असं मी पैजेवर सांगेन. माझं आणि आईचं बोलणं चालू असताना तिने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

पाय धुऊन झाले, औक्षण झालं, वाण दिलं. हर्षद पाटावर बसला. आईने ताट वाढलं. धोंडे, आमरस, कुरडया, भजी, वर तुपाची धार. बायकांनी मागून जेवायचं आणि नानांनी जावयाने पहिला घास घेतल्यावर, हा आमच्याकडचा नेम. हर्षदने धोंडा मोडून तुपात बुडवला आणि एक घास घेतला. नाना खुशीत आले. म्हणाले, "हर्षदराव, सारिकाला आठ दिवस ठेवून घेऊ का? तुमची गैरसोय होत नसेल तर."

हर्षद हसला. "मला काय विचारता नाना? ती काय माझी कैदी आहे? तिला विचारा."

सगळे हसले. आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बघ, काय नवरा मिळालाय. हर्षदनेही पाहिलं. याआधी दोनदा हाच प्रश्न आला होता, दोन्ही वेळा त्याने तो माझ्याकडे असाच सोपवला होता, आणि दोन्ही वेळा मीच म्हणाले होते, नको, घरी कामं पडलीत. लेक संसारात रमली, म्हणून दोन्ही वेळा आईला बरं वाटलं होतं. या वेळी मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "राहते."

"राहा की," हर्षद म्हणाला. मग त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि भरल्या ताटात हात धुतला.

आई पुरणाची वाटी हातात धरून उभीच राहिली. हर्षद उठला, रुमालाला हात पुसले आणि फार गोड आवाजात म्हणाला, "पोट जरा बरं नाही, आई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सगळे जेवून घ्या." आणि माझ्या जुन्या खोलीत जाऊन पडला.

सगळे जेवून घ्या म्हणायला काय जातं? धोंड्याच्या दिवशी घरचा नारायण उपाशी आणि आम्ही आमरस ओरपायचा? कुणी पानाला हात लावला नाही. आईने वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

मग जे सुरू झालं ते मी भिंतीला टेकून बघत होते. आई म्हणाली की एक अनारसा तुपात हसला होता, तो फुटका तसाच वाणात गेला, तो त्यांना दिसला असेल. थोड्या वेळाने तिला वाटलं, औक्षणाचं ताम्हन चांदीचं हवं होतं. नाना म्हणाले, शर्टपीसचा रंग आवडला नसेल, किंवा त्यांच्या आईला वेगळं आमंत्रण धाडायला पाहिजे होतं. ते दोनदा खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा विचारलं, लिंबू सरबत आणू का. एकदा विचारलं, डॉक्टरला बोलवू का. दोन्ही वेळा आतून शांतपणे "नको नाना, तुम्ही जेवा ना" असं उत्तर आलं. नाना परत येऊन ओट्याच्या कडेला बसले आणि हळू आवाजात आईला म्हणाले, मी पाय धुताना काही कमी-जास्त बोललो का गं?

मला एकदम गार वाटलं. बाहेर तर मे महिन्याचं ऊन होतं. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी हेच करत होते. तिथे मी एकटी होते, म्हणून मला वाटायचं की मलाच काही कळत नाही. इथे तर माझे आई-वडील होते, पन्नाशी-साठीची शहाणी माणसं, आणि एका दुपारीत त्यांचं तेच झालं होतं.

पहिल्यांदा झालं ते लग्नानंतर दोन महिन्यांनी. मी तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते. लॅबमधल्या मैत्रिणीशी मी फोनवर हसत होते आणि तो घरात आला. ओरडला नाही. जेवायला बसला, ताट सरकवलं, भूक नाही म्हणाला. नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण, आणि मी ती प्रेमाने पाळत होते. मीही जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तो डबा न घेता गेला. रात्री विचारलं, माझं काय चुकलं? तो म्हणाला, तूच सांग. मग मी एकेक चूक शोधून सांगायची आणि त्याने मान हलवायची, ही नाही. बरोबर चूक सापडली की तो जेवायचा. तो बँकेच्या कॅन्टीनमध्ये रोज व्यवस्थित जेवतो, हे मला पुढे त्याच्याच सहकाऱ्याच्या बायकोकडून कळलं. पण कळून काय उपयोग? रात्री आला की तो मायेने विचारायचा, "जेवलीस?" हो म्हटलं की म्हणायचा, "बरं झालं. माझ्याशिवाय घास जातो तुला." की पुढचे दोन दिवस परत तेच. अशाच एका उपासात माझी नोकरी सुटली, एकात मैत्रिणी सुटल्या. एकानंतर आईचा फोन स्पीकरवर घ्यायची सवय लागली आणि पुढे फोनच त्याच्या खिशात राहायला लागला. प्रत्येक वेळी सोडलं मीच. त्याने कधी सोड म्हटलं नाही.

पुढे समुपदेशन केंद्रातल्या बाईंनी मला सांगितलं की कायदाही याला हिंसाच म्हणतो, त्यासाठी हात उचलायलाच पाहिजे असं नाही. त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की यावरचा उतारा माझ्याकडे आहे आणि तो दिला की सगळे जेवतील.

आई माझ्याजवळ आली. "तुमचं दोघांचं काही झालंय का? तुझं काही चुकलं असेल तर माफी माग बाई. सणाच्या दिवशी माणूस उपाशी नको."

मी खोलीत गेले. तो माझ्या कॉलेजच्या वेळच्या कॉटवर पडून माझाच फोन बघत होता.

"मी येते संध्याकाळी तुमच्याबरोबर," मी म्हटलं.

"माझ्यासाठी नको येऊस. मनापासून वाटत असेल तर ये."

"मनापासून येते."

"मग बाहेर जाऊन सांग त्यांना. नाहीतर त्यांना वाटायचं, मीच ओढून नेतोय."

मी बाहेर आले. वाक्य तोंडात तयार होतं. आई, नाना दोघंही माझ्याकडे आशेने बघत होते. आणि स्वयंपाकघराच्या दारात, सगळ्यांना दिसेल अशी, हौसाआत्या ताट घेऊन बसली होती. तिने धोंडा मोडला, वाकड्या हाताने तुपाची वाटी जवळ ओढली आणि जेवायला लागली.

आई घाबरीघुबरी झाली. "वन्सं, जावई उपाशी आहेत अजून."

"त्याला भूक नाही म्हणतो. मला लागलीय," आत्या म्हणाली. मग शेजारी दुसरं ताट वाढलं आणि मला म्हणाली, "सारे, बस."

"आत्या, मी संध्याकाळी परत जाणार आहे."

"जा की. जेवून जा."

मी बसले. ताटात सगळं होतं. माझ्या पोटात सकाळपासून आग पडली होती, चहावर होते मी. पण हात पुढे जाईना. मी काय करतेय हे माझं मलाही कळलं नाही, पण मी मान वळवून खोलीच्या दाराकडे बघत होते.

"तिकडं काय बघतेस?" नानांनी विचारलं.

दारात हर्षद येऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग म्हणाल तर औषधालाही नव्हता.

"जेव ना सारिका," तो म्हणाला. "मी कुठं अडवलंय तुला?"

नाना त्याच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे. मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. आत्याने घास खाली ठेवला. तिने हर्षदकडे पाहिलंच नाही. ती आपल्या भावाशी बोलली.

"बाळू, माझा हात मोडला तेव्हा तू मला ठेवून घेतलंस. त्याच्या आधी दोनदा तूच मला परत नेऊन घातलं होतंस, नवरा मारत नाही म्हणून. हिचं काय मोडलं म्हणजे ठेवून घेणार आहेस?"

हे मला माहीत नव्हतं. आम्हाला लहानपणापासून सांगितलं होतं की त्याने हात मोडला आणि नाना तडक जाऊन बहिणीला घेऊन आले. नानांनी मान खाली घातली. नाकारलं नाही.

मी घास घेतला. पुरण मी पाण्याबरोबर गिळलं. दुसरा घास घेतला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाक गळत होतं, आणि मी त्या अवस्थेत अख्खा धोंडा खाल्ला. फार भीती वाटत होती. मार खाणाऱ्या बाईला जेवढी वाटत असेल, तेवढीच वाटत होती. मग मी हर्षदकडे न बघता म्हटलं, "मी राहणार आहे."

"राहा की," तो म्हणाला. तोच आवाज, तेच शब्द. थोड्या वेळाने त्याला बँकेतलं काहीतरी काम आठवलं. त्याने वाकून आईच्या पाया पडून निरोप घेतला. रीत ती रीत, म्हणून नानांनी वाणाचं ताट उचलून त्याच्या गाडीत नेऊन ठेवलं. पण तिथून ते लगेच बाजूला झाले नाहीत. खिडकीशी वाकून म्हणाले, "तिचा फोन राहिलाय तुमच्याकडं." हर्षदने हसत हसत तो काढून दिला आणि गाडी वळवली.

दिवे लागायची वेळ झाली तरी आई आणि नाना जेवले नव्हते. आत्या उष्टी भांडी विहिरीकडच्या मोरीत घेऊन गेली होती. आई ओट्यापाशी उभी होती, तिने झाकलेली पातेली उघडली आणि परत झाकली. नाना पाटावर बसून होते. मग त्यांनी विचारलं, "तिकडंपण असंच करायचा का गं?"

मी हो म्हटलं.

"किती किती दिवस?"

"दोन. कधी तीन."

"मग तू काय खायचीस?"

आजवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगताना मला लाज वाटली, जणू चोरी सांगतेय. मी म्हटलं, "तो बँकेत गेला की मूठभर शेंगदाणे खायचे. मग तो यायच्या आधी दात घासायचे, वास येऊ नये म्हणून."

नानांचे ओठ हलत होते. मला वाटलं, ते आता हर्षदला शिव्या घालतील, आणि मला त्या ऐकायच्याही होत्या. पण बोलली आई. ती आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"मी गूळ खायचे," ती म्हणाली. "देवघरातला. त्याला वास येत नाही."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. "अगं, ते," ते म्हणाले, आणि थांबले. परत म्हणाले, "आपण त्याला रुसवा म्हणायचो."

"तुम्ही म्हणायचा," आई म्हणाली.

तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. एक ताट घेतलं, त्यात दोन धोंडे वाढले, आमरस वाढला, तूप घातलं. मला वाटलं, ती ते नानांपुढे ठेवणार. नानांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते पाटावर सरसावून बसले. आई ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली आणि जेवायला लागली.